पाभरीमागं आई

आमच्या ट्रॅक्टरला जो आरसा आहे तो वडिलांच्या दाढीचा. ते गेल्यावर तारेनं मडगाडाला बांधलेला, एका कोपऱ्यात तडकलेला. पेरणीच्या दिवसांत मला त्यात मागं बसलेली आई दिसते.

ट्रॅक्टर माझ्याहून वयानं मोठा. वडिलांनी तो माळशिरसकडच्या एका ऊसवाल्याकडून जुनाच आणला, तेव्हाही त्याचा निळा रंग विटलेला होता. बैलजोडी विकली म्हणून आई इतकी खट्टू, की तिनं त्याला ओवाळलं खरं, पण दोन दिवस त्याच्याकडं वळून बघितलं नाही. त्याचा सेल्फ केव्हाच मेला. म्हणून तो कायम लिंबाखालच्या उतारावर उभा करायचा, ब्रेक सोडायचा आणि गडगडत निघाला की गिअर टाकायचा. सपाटीवर बंद पडला तर मी त्याला ज्या शिव्या घालते, त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

अवजारंही त्याच्यासारखीच इकडून तिकडून जमलेली. नांगर बाजारातला, कुळव लोहाराकडून करून घेतलेला, आणि पेरायची पाभर तर चक्क बैलांची. वडिलांनी तिला लोखंडी पट्ट्या मारून ट्रॅक्टरला जोडली आणि आईसाठी मागं एक फळी ठोकली. त्या फळीवर बसून समोरच्या लाकडी चाड्यात मुठीतनं बी सोडायचं; ते तीन नळ्यांतनं तीन ओळींत मातीत जातं. मूठ थांबली की ओळ रिकामी. आता बी आपोआप सोडणारी पेटी निघाली आहे. चुलतभाऊ दरसाल म्हणतो, माझा मोठा ट्रॅक्टर नि पेटी घे, तासाभरात रान उरकतं. आई ऐकून घेते आणि ओटीत ज्वारी भरते. गेल्या साली मात्र तिनं सगळ्यांदेखत सांगून टाकलं, की ज्या साली ओळीत खंड दिसेल त्या साली मी चाडं सोडलं. चाडं सोडलं की ही बाई घरात भिंतीला टेकून बसणार, आणि एकदा बसली की संपलंच. हे मला पक्कं ठाऊक होतं.

यंदा पेरायला निघालो तेव्हा ऊन मऊ होतं. पाभर ओढताना ट्रॅक्टर पहिल्या गिअरात बैलाच्या चालीनं जातो. त्या एकसुरी आवाजात डोळे जड होतात, आणि वाटतं आपण जागेवरच आहोत, काळी माती तेवढी खालून सरकते आहे. लांब होटगीकडं आगगाडीनं शिट्टी दिली. मला वाटलं, आरशात आता वडिलांचा साबण लावलेला गाल दिसेल. दिसली आई. तिची मूठ चाड्यावर तशीच मिटलेली, नजर कुठंतरी आभाळात, ओठांवर हसू. कुणाशी बोलत होती कोण जाणे. बाभळीपासून बांधापर्यंत एक दाणा पडला नाही. मी हाक न मारता ट्रॅक्टर तसाच पुढं नेला. पुढच्या फेरीत तिचा हात आपसूक सुरू झाला, जणू काही झालंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई देवळात गेल्याचं बघून मी खुरपं घेतलं आणि बाभळीपासून बांधापर्यंत तिन्ही ओळींत हातानं बी टोकलं. पाठ मोडून आली, पण मनावरचं ओझं उतरलं. वाटलं, जितं मया.

आठव्या दिवशी रान हिरवं रेघाळलं. आई ओळीओळीनं बघत चालली होती, मी मागं. बाभळीपाशी ती थांबली, वाकली, आणि बोटानं दोन कोंब बाजूला करून बघितले. पुढं गेली, परत वाकली. तिथंही दोन. बांधापर्यंत सगळे दोन-दोन. माझा चेहरा चोरासारखा झाला असणार.

"माज्या मुठीतनं असं जोडीजोडीनं दानं कदी पडलं न्हाय," ती म्हणाली. "टोकताना दोन टाकायचं, येक मेला तर येक जगतो. ह्ये मीच शिकवलंय की तुला."

मला रागच आला. मी भडाभडा बोलले, की मग काय करायला हवं होतं, तुला घरी बसलेली बघू का, मला ते सोसणार नाही. बोलता बोलता रडूच फुटलं. आईनं मला रडू दिलं. मग ती खाली बसली आणि प्रत्येक जोडीतला एकेक कोंब उपटायला लागली. नाक पुसून मीही तिच्या शेजारी बसले. बराच वेळ आम्ही तशाच सरकत होतो, ओळ एकेरी होत होती.

बांध आला तेव्हा ती हात झटकून म्हणाली, "फुडल्या साली चाड्यावर तू बस. टॅक्टर तुजा चुलतभाऊ चालवंल. मी मडगाडावर बसते, आरशात तुजी मूठ बगत."