आत काय होतं

राजवाड्याच्या दरबारात रंगीत काचांच्या खिडक्या होत्या आणि दुपारचं ऊन त्यांतून लादीवर सांडलं होतं. एक साठीचे गृहस्थ त्या उन्हात उभे होते. त्यांनी हळूच तळहात पुढे केला. तो तांबडा झाला, मग निळा. बाकीचे लोक पुढच्या दालनात गेले, तरी ते तिथेच उभे, ओंजळीत पाणी धरावं तसा तो उजेड धरून.

मी बाहेर पडले तेव्हा ते दाराशी दिसले. त्यांची बायको पायरीवर पिशव्या सांभाळत बसली होती. तिकिटाचा दर वाचून तीच म्हणाली असणार, तुम्ही या बघून, मी बसते इथं.

"काय होतं हो आत?" तिनं विचारलं.

"काही विशेष नव्हतं गं. तलवारी, जुनी भांडी. उगाच पैसे घेतात."

"बघा, मी म्हटलंच होतं," ती समाधानानं म्हणाली आणि पाण्याची बाटली त्यांच्या हाती दिली.

मला आधी त्या माणसाचा रागच आला. मग माझंच आठवलं. आयुष्यभर प्रत्येक राजवाड्याच्या पायरीवर मीही अशीच बसले. आमचे हेही बाहेर येऊन हेच म्हणायचे, आणि मला ते खरं वाटायचं. ते गेल्यानंतर आज पहिल्यांदा मी स्वतःसाठी तिकीट काढलं.

इतकं सगळं पाहून तुम्ही गप्प कसे राहिलात, हे त्यांना आज घरी जाऊन विचारायचं होतं. पण घराला कुलूप आहे.