ओट्यावरची चांदणी

ये, अशी जवळ बस. तिकडं दूर खुर्चीत काऊन बसली? मोबाईल ठेव बाजूले. बुलडाण्याहून आपलं धाड गाव काय विलायतेत आहे, की सख्ख्या मावशीकडं यायले तुले सहा महिने लागले? आता आलीच आहे तं ऐक. तुह्या दवाखान्यात बदलून आलेल्या नर्सबाईची गोष्ट आहे. फोनवर सांगता येत नाही अशी.

ती आमच्याच घराच्या, ओट्याले लागून असलेल्या समोरच्या खोलीत दोन वर्सं भाड्यानं राह्यली. जालन्याकडची, ख्रिश्चन. मले काकू म्हणायची, माह्यं बीपी मोजायची, सूनबाईच्या बाळंतपणात तं रातभर उशाशी बसली होती. तरी खरं सांगते, माह्या मनात पहिल्या दिवसापासून किडा होता. रविवारी तिच्या दाराशी चपला दिसल्या की मी सूप घेऊन ओट्यावर बसायची. गहू निवडायचे नावाले, चपला मोजायच्या खऱ्या. तीन जोड असायचे. एका रविवारी चार निघाले. हा चौथा जोड गावातल्या कोणाचा, म्हणून आठ दिवस मी बायांच्या पायाकडं पाहत फिरली. तिच्या आईचा निघाला तो. गावाहून भेटायले आली होती.

आतून गाणं यायचं, एकदम हळू. मले वाटायचं, देवाचंच नाव घेतात तं एवढं दबकत काऊन? काहीतरी झाकतात. ओट्यावर मी कान लावून बसेल आहे म्हणून त्या हळू म्हणत असतीन, हे काही डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या वर्सी नाताळाच्या आधी तिनं विचारलं, "काकू, ओट्यावर चांदणी लावू का?" म्हटलं, लाव. दिवाळीत आपला आकाशकंदील ज्या खिळ्याले असते, त्याच खिळ्याले तिनं लाल कागदाची चांदणी टांगली. आत बल्ब. छान दिसत होती, खोटं काऊन बोलू.

दुसऱ्याच दिवशी गल्लीतले एक भाऊजी चहाले आले. कप हातात घेतला आणि म्हणे, "वहिनी, ओट्यावर हे काय लागलं?"

"नाताळ आहे तिचा."

"तिचा ना? ओटा तं तुमचा आहे. रस्त्यानं जाणारा माणूस ओटा कोणाचा ते पाहते."

"कागदाची चांदणी आहे भाऊजी, चावते का तुम्हाले?"

"मले काय चावते! संक्रांतीले तुमच्या घरी हळदीकुंकवाले बाया येतीन का, तेवढं पहा."

गणपतीत याच भाऊजींच्या डीजेनं माह्या फळीवरचे दोन कप खाली पडून फुटले होते. तवा रस्ता कोणाचा, ओटा कोणाचा, कोणी विचारलं नाही. पण हे मले आता सुचते. त्या दिवशी माह्या डोळ्यापुढं रिकामी सतरंजी आली, आणि हळदीकुंकवाचं ताट हातात घेऊन एकटी उभी असलेली सूनबाई आली.

संध्याकाळी मी म्हटलं, "बाई, चांदणी आत लावली तं नाही का चालणार?"

"चालते काकू." स्टुलावर चढली, काढली, घडी घातली. काऊन म्हणून विचारलं नाही. त्याचाही मले संशय आला पहा! म्हटलं, विचारत नाही म्हणजे हिच्याच मनात काही असन.

नाताळाच्या सकाळी तिनं ताट पाठवलं. करंज्या, चकल्या, केकचा तुकडा, वरून क्रोशाचा रुमाल. माह्या डोक्यात आलं, यावर प्रार्थना म्हटली असन. खाल्लं की आपल्याले लागलं.

सूनबाई म्हणे, "आई, दिवाळीचा आपला फराळ तिनं खाल्ला. ती झाली का आपल्यातली?"

"तू गप बस," म्हटलं, आणि सगळं नेऊन म्हशीच्या गव्हाणीत टाकलं.

म्हशीनं केक खाल्ला, चकल्या खाल्ल्या. एक करंजी तेवढी कोपऱ्यात राह्यली. उचलून पाहते तं काठाची नक्षी एका जागी सपाट. माह्या करंजीच्या साच्याची एक कंगोरी कित्येक वर्सांपासून तुटेल आहे, तुले माहीत आहे. आठ दिवसांआधी तो साचा तीच मागून घेऊन गेली होती, संगं वाटीभर तूपही. म्हणजे साचा माहा, तूप माह्याच म्हशीचं, अन् करंजी म्हशीपुढं. वर पाहिलं. तिची खिडकी गोठ्यावरच उघडते. पडदा हलला. वारा काही नव्हता.

संक्रांतीले बाया आल्या, सतरंजी पुरली नाही. भाऊजींची बायको तं सगळ्यात आधी आली. फक्त नर्सबाईच्या दाराले कुलूप. आदल्या वर्सी आली होती ती. कुंकू लावलं नव्हतं, पण तिळगूळ घेऊन सगळ्यांसंगं हसत बसली होती. आपल्यात दुसऱ्याचं ताट रिकामं परत जात नाही, म्हणून रात्री ती आल्यावर तिच्या नाताळाच्या ताटात तिळाचे लाडू भरून सूनबाईले पाठवलं. निरोप आला, "काकूंना थँक्यू सांगा." दोन वर्सात पहिल्यांदा थँक्यू.

मग उन्हाळ्यात बदली झाली. मले वाटलं सरकारनं केली. अर्ज तिनंच केला होता, हे तूच सांगितलं मले. भाऊजींवर राग धरून पाहिला मी. धरवत नाही. चांदणी काढाले सांगणारं तोंड माह्यं होतं.

म्हणून म्हणते, आता गेली की सहा महिने लावू नको. नाताळाच्या आधी ये, अन् तिले संगं घेऊन ये. नाही म्हणली तं सांग, काकूनं साचा काढून ठेवला आहे. म्हणा, करंजी तू कर, काकू तुह्यासमोर बसून खाते. चांदणी घेऊन ये म्हणा. अन् येतानी आधी फोन करू नको, इथं गल्लीले सगळं आधी कळते. जीपमधून उतरा अन् सरळ ओट्यावर या.