माझ्या नावावरचा ठेका

लग्नसराईत आमच्या भागातल्या एखाद्या बॅण्डच्या ढोलावर तो ठेका सुरू झाला की मला बसवत नाही. जेवत असलो तर हात धुतो, बोलत असलो तर बोलणं तोडतो. बायको विचारते, "आता काय झालं?" मी म्हणतो, काही नाही. बाहेर लोक माझ्याकडे बोट दाखवून एकमेकांना सांगत असतात की ही चाल यांनी काढली. मी त्यांना कधी थांबवलं नाही. वीस वर्षं होत आली. आता मात्र लिहून टाकतो, कारण तोंडाने सांगायला लागलो की दर वेळी मी थोडं बदलून सांगतो, हे माझ्या लक्षात आलं आहे.

स्वातंत्र्य मिळून पाच-सहा वर्षं झाली असतील. मी गोंदियात एका राईस मिलमध्ये वजनकाट्यावर होतो आणि लग्नांमध्ये एका छोट्या बॅण्डात क्लॅरिनेट वाजवत होतो. गावी आमची धानाची शेती होती. वडिलांना माझं वाजवणं अजिबात पसंत नव्हतं. ते म्हणायचे, "वाजंत्र्याले शेवटच्या पंगतीत जेवाले बसवतेत, माहीत हाय ना तुले? तिथं बसशील?" मी तिथे बसत होतो आणि घरी सांगत नव्हतो.

मिलच्या मागच्या मोकळ्या जागेत मी दुपारच्या सुट्टीत सराव करायचो. एकदा रस्त्याने जाणारा एक माणूस सायकलवरून उतरला. रेल्वेचा ड्रायव्हर होता, अँग्लो-इंडियन, पन्नाशीचा. थोडा वेळ ऐकून म्हणाला, "बाबू, इतना सीधा क्यों बजाता है? रेल की पटरी है क्या?"

आयुष्यभर पटरीवरून इंजिन नेणारा माणूस हे म्हणत होता याचं मला हसू आलं. तोही हसला. पुढच्या रविवारपासून मी त्याच्या क्वार्टरवर जाऊ लागलो. त्याच्याकडे चावीचा ग्रामोफोन होता, जॅझच्या दहा-बारा तबकड्या होत्या आणि स्वतःचा एक जुना ट्रम्पेट होता. तो सांगायचा, "पहिल्यांदा चाल जशी आहे तशी वाजव, म्हणजे ऐकणाऱ्याला ओळख पटेल. दुसऱ्यांदा ती सोड आणि जिकडे जावंसं वाटेल तिकडे जा. तिसऱ्यांदा परत ये." पहिलं मला जमे. तिसरंही जमे. मधलं काही केल्या जमत नसे. चाल सोडायची म्हटलं की बोटं जुन्याच सुरांवर परत यायची. शेवटी मी एक युक्ती केली. तबकडीवरच्या वादकाने चाल सोडून जे वाजवलं होतं, तेच मी पुन्हा पुन्हा ऐकून वहीत उतरवून घेतलं आणि तंतोतंत वाजवून दाखवलं. ड्रायव्हरसाहेब पोट धरून हसले. "ये तो चोरी है रे! जॅझ नहीं है ये."

आमच्या गावात डफडं वाजवणारे एक गृहस्थ होते. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे. इथे मी त्यांना दादा म्हणतो. तेव्हा कधी म्हटलं नाही; तेव्हा मी त्यांना सरळ अरे-तुरे करत होतो आणि ते मला जी म्हणत होते. त्यात कुणालाच काही वावगं वाटत नसे. त्यांची वस्ती गावाबाहेर होती, आणि गावातल्या लग्नाला, सणाला, मयताला डफडं वाजवणं हे त्यांच्या घराकडे चालत आलेलं काम होतं.

एका रविवारी ते आमच्या धानाची बंडी, म्हणजे बैलगाडी, घेऊन गोंदियाला आले होते. परतताना मला बरोबर न्यायचं होतं, म्हणून ते ड्रायव्हरसाहेबांच्या क्वार्टरवर आले आणि बाहेरच्या पायरीवर बसले. साहेब म्हणाले, "अंदर आओ." ते हलले नाहीत. मीही 'ये' म्हटलं नाही. आत तबकडी चालू होती. ती संपल्यावर मी बाहेर येऊन सहज विचारलं, "कसं वाटलं?"

ते म्हणाले, "हा वाजवनारा उशिरा येऊन राहिला जी. पन मुद्दाम. घरचे वाट पाहतीन, तेवढाच उशीर करते."

सहा महिने साहेब मला जे समजावत होते ते हेच होतं.

बंडीवर परत येताना दादा बैलांकडे पाहतच नव्हते. बैल हाकायच्या तुतारीच्या दांड्याने आणि बोटाने ते बंडीच्या फळीवर काहीतरी वाजवत होते. डफड्याला दोन काड्या असतात, एक जाड आणि एक बारीक. जाड काडीचा ठेका त्यांनी आमच्या वरातीचाच ठेवला, जो आम्ही पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो होतो. बारीक काडी मात्र ते दर वेळी किंचित मागे धरत होते. पडेल पडेल वाटायचं, मग पडायची. गाव दिसायला लागलं तोवर त्यांनी आणखी एक गोष्ट केली. चौथ्या फेरीला हात उचलून ठेवला आणि काहीच वाजवलं नाही. तेवढी जागा रिकामी. मग पुन्हा सुरू.

"आता इथं तू फुक जी," ते म्हणाले. "मी काई नाई वाजवत. तुले वाटन ते फुक, पन पुढच्या ठोक्याले घरी ये."

क्लॅरिनेट पिशवीतच होता. त्या धक्के खाणाऱ्या बंडीवर, त्या रिकाम्या जागेत मी आयुष्यात पहिल्यांदा चाल सोडली. ठोका आला आणि मी घरी होतो. मला रडू आलं होतं हे त्यांना कळू नये म्हणून मी तोंड दुसरीकडे फिरवलं.

आम्ही ते पहिल्यांदा शेजारच्या गावच्या एका वरातीत वाजवलं. नवरदेवाचा मामा पुढे नाचत होता. रिकामी जागा आली आणि त्याचा एक पाय वरच राहिला.

"काऊन बे, मेला का डफडंवाला?" तो ओरडला.

"वरात हाय का सर्कस हाय?" मागून एक म्हातारे म्हणाले. "सरळ वाजवा ना बापा, पोरगी वाट पाहून राहिली."

पण दुसऱ्या फेरीला मामा त्या जागेची वाटच पाहत होता. जागा आली तसा त्याने पाय मुद्दाम उचलला, हात पसरले आणि तसाच उभा राहिला. लोक हसून लोळायला लागले. मांडवाजवळ पोचेपर्यंत तीस-चाळीस माणसं एका पायावर उभी राहत होती आणि मघाचे म्हातारे काठी वर करून त्यांच्यात होते.

त्या उन्हाळ्यात मी दादांबरोबर आठ-दहा लग्नं वाजवली. मला माझ्या वहीची लाज वाटायला लागली होती. दादा रोज काही नवं करत. ती जागा कधी लहान करत, कधी एकदम दुप्पट. आपल्याला नवं आवडतं असं मी सगळीकडे सांगत फिरायचो, पण दर नव्या गोष्टीची मला आधी भीती वाटे. त्यांना ती वाटत नसे.

थंडीत ड्रायव्हरसाहेबांनी सांगितलं की ते देश सोडून मुलीकडे ऑस्ट्रेलियाला जाणार. जाण्याआधीच्या रविवारी दुपारी रेल्वेच्या लोकांच्या क्लबात निरोपाचा कार्यक्रम होता. तो ठेका मी त्यांना वाजवून दाखवला होता. ते म्हणाले, "मी ट्रम्पेट वाजवीन, तू क्लॅरिनेट, आणि तुझ्या त्या माणसाला आण. वो ताल मुझे एक बार बजाना है जाने से पहले." पुन्हा अशी वेळ येणार नव्हती हे तिघांनाही माहीत होतं. दादांनी नवं धोतर घेतलं. डफड्यावर नवं कातडं चढवलं. घरी बायकोला सांगितलं की साहेबलोकांसमोर वाजवायला जातो.

त्या दिवशी सकाळी अवकाळी पावसाची भुरभुर येऊन गेली होती. डफड्याचं कातडं दमट हवेत ढिलं पडतं. ते विस्तवावर शेकावं लागतं, तेव्हा कुठे आवाज देतं, आणि थोड्या वेळाने पुन्हा शेकावं लागतं. क्लबात लाकडी जमीन होती, मेण लावलेली. आत विस्तव चालणार नव्हता. पहिल्या दोन चाली साहेबांच्या होत्या, त्यांत क्लबातला ड्रम होता. तिसरी दादांची. दुसरी चाल संपत आली तसे ते माझ्या कानाशी वाकले.

"मी मागं स्वयपाकघरापाशी शेकून येतो. मी येईपर्यंत फुकू नको जी."

"हो," मी म्हटलं.

दुसरी चाल संपली. टाळ्या झाल्या. दादा आले नाहीत. शेकायला आणलेली तनस, म्हणजे धानाचा पेंढा, ओली झाली होती आणि स्वयंपाकी चुलीजवळ येऊ देत नव्हता, हे मला नंतर कळलं. खुर्च्या सरकल्याचा आवाज आला. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. कुणीतरी खोकलं. एवढंच झालं होतं. पण मला धीर धरवेना. ही माणसं आता उठून जातील, आपलं हसं होईल, शेतकऱ्याचं पोर शेवटी वाजंत्र्यांतच गेलं असं गाव म्हणेल, असं काहीबाही मनात यायला लागलं. मिनिटभर झालं असेल, दोन झाली असतील.

पुढचं मी अनेकांना असं सांगत आलो की साहेबांनीच सुरू केलं, माझा इलाज नव्हता. ते खोटं आहे. साहेबांनी माझ्याकडे पाहून विचारलं होतं, "आदमी किधर है?"

मी म्हणालो, "उसके बिना चलेगा."

क्लबातल्या ड्रमवाल्याला मी तो ठेका बोटांनी दाखवला. हुशार होता, लगेच उचलला. आम्ही सुरू केलं. दुसऱ्या फेरीला मी मागच्या दाराकडे पाहिलं. दादा दारात उभे होते. डफडं खांद्याला, दोन्ही काड्या हातात. त्यांना आत बोलवायला मला हातही उचलावा लागला नसता, नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. रिकामी जागा येत होती, ते तिथूनसुद्धा शिरू शकले असते. मी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, मी रंगून गेलो आहे. तसं नंतर दोघा-तिघांनी येऊन सांगितलंही. त्या दिवशी मी फार छान वाजवलं. ही गोष्ट मला सगळ्यात जास्त छळते.

डोळे उघडले तेव्हा दार मोकळं होतं.

साहेबांनी मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, "वो आया था? और तू रुका नहीं?" मग माझ्याशी हात न मिळवताच ते दुसऱ्या लोकांकडे वळले. त्यानंतर आमची भेट झाली नाही.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. दादा बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर बसून दोरी वळत होते. मी माफी मागायला गेलो होतो, पण तोंडातून निघालं भलतंच.

"काऊन निघून आला गा काल?"

"डफडं थंडं झालं जी."

"मग पुन्हा शेकाचं होतं."

त्यांनी दोरीवरून डोळे न उचलता विचारलं, "कोनासाठी?"

मी निघालो. पुढच्या लग्नाला निरोप पाठवला तर ते आले नाहीत. तीन-चार वर्षांनी त्यांच्या सगळ्या वस्तीनेच ठरवलं की डफडं वाजवणं, मेलेली जनावरं ओढणं, ही कामं यापुढे करायची नाहीत. गावोगाव तसं होत होतं. गावकऱ्यांनी कुरकुर केली, धमक्याही दिल्या, पण ते हलले नाहीत. आणि मला, खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं. कुणी विचारलं की तो डफडंवाला कुठे गेला, तर मी म्हणायचो, "त्यांनी आता सोडलं ना." जणू माझ्यामुळे काही झालंच नव्हतं. त्यांनी मान वर करून जे सोडलं, त्याच्या आड मी माझं लपवलं.

ठेका मी सोडला नाही. आमच्या बॅण्डने तो ढोलावर घेतला. देवरीकडे, बालाघाटकडे, सगळीकडे लोक आम्हाला त्याच्यासाठी बोलवायला लागले. "ते एका पायावाली चाल वाजवा ना जी," म्हणायचे.

एकोणीसशे साठच्या सुमारास नागपूरच्या रेडिओवर वाजवायचं बोलावणं आलं. एक कागद भरून द्यायचा होता. त्यात चाल कुणाची, असा एक रकाना होता. तो कागद मी आठ दिवस खिशात घेऊन हिंडलो. शेवटी अर्जुनी मोरगावची गाडी धरली. दादा तिथे मुलाकडे राहायला गेले होते. मुलगा शाळेत मास्तर झाला होता.

ते ओट्यावर खुर्चीत बसले होते. मला पाहून उठले नाहीत. "बस," म्हणाले, आणि समोरच्या खुर्चीकडे बोट दाखवलं. त्यांच्या तोंडून मला आता जी निघालं नाही. सुनेने चहा आणला. त्यांच्या घरचा चहा मी त्या दिवशी पहिल्यांदा प्यालो. मग मी सगळं बोललो. क्लब, साहेबांचा प्रश्न, माझं उत्तर, मिटलेले डोळे. ते ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मले माहीत होतं. मी दारातून आयकलं ना तू काय बोलला ते."

म्हणजे ते चालीच्या आधीच आले होते. हे मला सात वर्षं माहीत नव्हतं.

मी कागद काढला. "इथं तुमचं नाव लिहितो दादा," मी म्हटलं. दादा हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला.

"नाई," ते म्हणाले. "लिहू नको."

"चाल तुमची आहे."

"माही आहे, मले ठाऊक हाय. पन रेडिओवर माहं नाव आलं का गाव म्हनन, तो डफडंवाला. माह्या पोराले शाळेत पोरं मास्तर म्हनतेत. त्याले पुन्हा डफडंवाल्याचा पोरगा कराचा आहे का मले? तू आपल्याले बरं वाटाव म्हनून लिहून राहिला. माह्यासाठी नाई."

मी कागदाची घडी घातली.

"मग माझं लिहू?" मी विचारलं.

ते म्हणाले, "ते तुहं तू पाह्य."

परतीच्या गाडीत मी कागद मांडीवर घेऊन बसलो. माझं नाव लिहायचा धीर झाला नाही, त्यांचं लिहायची परवानगी नव्हती. गोंदिया यायच्या आधी मी त्या रकान्यात 'पारंपरिक' असं लिहिलं. रेडिओवरच्या अधिकाऱ्यांना ते फार आवडलं. म्हणाले, जुनं जपलं पाहिजे. मी मान हलवली. ती चाल पारंपरिक नव्हती. एका माणसाने एका दुपारी, बैलांकडे न पाहता, माझ्यासमोर ती केली होती. स्टुडिओत वाजवताना मी रिकाम्या जागेपाशी आलो आणि तिथे काहीच वाजवलं नाही. काचेपलीकडे बसलेल्या रेडिओच्या माणसाने मला हाताने खूण केली, पुढे चला.