खोट बिजाईतली की वावरातली

तुमसरच्या गिरणीत धान उकडायला घातलं की ओलसर, आंबूस वाफ आमच्या घरापर्यंत येते आणि मला ती दुपार आठवते. बाबांच्या मानेतल्या गाठीचा रिपोर्ट घेऊन आम्ही नागपूरहून परतलो होतो. डॉक्टर माझ्याशी इंग्रजीतच बोलले होते: हा लिम्फोमा आहे, गाठीच्या पेशींमधली दोन जनुकं बदलली आहेत आणि अशा वेळी नेहमीचं औषध फारसं लागू पडत नाही. बाबा धानाचे व्यापारी. ओसरीवर बसून ते सवयीने नमुन्याचे दाणे तळहातावर चोळत होते, फुंकरीने कोंडा उडवत होते. "काय म्हने डॉक्टर? खोट बिजाईतली हाय का वावरातली?" बियाण्यातली की शेतातली, हे गाठीला कसं लावायचं ते मला कळेना. "म्हन्जे माह्यापासून तुले त नाही ना येनार?" "नाही बाबा. हा बदल जन्माचा नाही, नंतर फक्त त्या गाठीत झालाय." त्यांनी मोठा श्वास सोडला आणि आत आईला हाक मारली, "आयकलं का वं? बिजाई चांगली हाय! पोरीले काही धोका नाही. चहा मांड." "पण बाबा, औषधाचं..." मी म्हटलं. त्यांनी एक दाणा माझ्या हातावर ठेवला. "दातानं फोडून पाह्य, वाळला का." मी फोडला. त्यातलं मला काही कळत नव्हतं, तरी "वाळलाय" म्हणाले. बाबांना जाऊन आता काही वर्षं झाली. वाफ आली की तो कच्चा तांदूळ अजून जिभेवर येतो आणि माझं वाक्य 'औषधाचं'पाशीच थांबतं.