कूलरचं पोट

आमच्या घरात वाटणी ठरलेली होती. डिझाइन माझं, धंदा दादाचा. व्यापारी आले की दादा त्यांना घेऊन ऑफिसात बसायचा आणि मला म्हणायचा, "तू तुझं ड्रॉइंग बघ. हे आमचं बोलणं तुला कंटाळवाणं वाटंल." मला आत बोलावणं व्हायचं ते फक्त चहा सांगायला. पाचोडकडची जमीन विकून चिकलठाण्यात कूलरचा कारखाना उभा राहिला होता, डिझाइन शिकून आलेली मी त्यात बरोबरीची मालकीण होते, आणि काम काय, तर कूलर देखणा दिसला पाहिजे. मी चिडायचे, धुसफुसायचे आणि परत टेबलाशी जाऊन बसायचे.

त्या उन्हाळ्यासाठी मी कूलरचा चौकोनी खोका मोडला. पुढच्या पत्र्याला छान गोल फुगवटा दिला. कामगार त्याला कूलरचं पोट म्हणायला लागले. नमुना बघून वैजापूरच्या व्यापाऱ्यानं सगळ्या सीझनची ऑर्डर दिली आणि तिच्या भरवशावर दादानं कर्ज काढून पत्रा आणि मोटारी भरल्या. ही ऑर्डर गेली तर कारखान्याला कुलूप लागणार, हे मलाही कळत होतं.

माल न्यायला तो व्यापारी स्वतः टेम्पो घेऊन आला. हमालांनी पहिली रांग लावली. दुसरी रांग तिला चिकटेना, मध्ये पोटं येत होती. आडवे करून एकावर एक ठेवले तर वरचा घसरायचा. नेहमीच्या निम्मा मालही चढला नाही आणि टेम्पो भरला.

व्यापाऱ्यानं टोपी काढून डोकं खाजवलं. "शेठ, नमुना लई भारी व्हता. पण हे न्यायचं कसं? दोन खेपांचं भाडं मी द्यायचं व्हय? अन् माझ्या गोडाऊनात ठिवू कुठं? ऱ्हाऊ द्या. साधे कूलर मला दुसरीकडं मिळतेत."

दादा घाईनं पुढं झाला. "आधी चहा घेऊ," तो म्हणाला आणि माझ्याकडे बघून त्यानं आत जायची खूण केली. पण मी जागची हलले नाही. व्यापाऱ्यालाच विचारलं, "काका, माल पोचल्यावर तुमच्याकडं पुढं काय होतं?"

त्याला आश्चर्य वाटलं असावं, पण त्यानं सांगितलं. गोडाऊन लहान, माल छतापर्यंत रचायचा. विकला की गिऱ्हाईकाच्या घरी फिटर जातो, गवत भरतो, पंप जोडून देतो.

"फिटर प्रत्येक घरी जातो?"

"जातोच की."

मी पेचकस मागवला. मोटार काढता यावी म्हणून पुढचा पत्रा मी स्क्रूवर ठेवला होता. तो काढला, दुसऱ्या कूलरचाही काढला, मध्ये गोणपाट घातलं, आणि दोन्ही पोटं ताटांसारखी एकात एक बसली. उरलेले खोके एकमेकांना चिकटून उभे राहिले. हमाल हसले. व्यापारी हसला नाही.

"अन् हे परत बसवायची मजुरी कोण देणार, ताई?"

"आम्ही देऊ," असं तोंडावर आलं होतं, पण जीभ अडली. देणार कशातून? मी दादाला बाजूला ओढलं. "एका कूलरमागं आपल्याला सुटतं किती?"

"मग सांगतो."

"आत्ता सांग."

त्यानं पत्रा वाकवायच्या प्रेसमागे नेऊन आकडा सांगितला. मला वाटलं, चुकून बोलला. साध्या कूलरवर सुटायचं त्याच्या पावपटही नव्हतं. पत्र्याची कातरण, वेल्डिंग, घासाई यांत बाकी सगळं ते पोट खात होतं.

मी परत आले आणि म्हणाले, "मजुरी तुमची, काका. तुमची दुसरी खेप वाचली, त्यातून द्या." त्यानं बराच वेळ घासाघीस केली, जादा स्क्रू मागून घेतले, दोनदा टेम्पोत चढायला निघाला. शेवटी म्हणाला, "भरा."

टेम्पो जालना रोडला लागल्यावर मी दादाकडे वळले. "तुला हा आकडा कधीपासून माहीत होता?"

"नमुना झाला तेव्हापासून." तो खाली बघत होता. "तू लई खूश होतीस तेव्हा. तुझं मन मोडलं असतं."

"मन मोडलं असतं तर चार दिवस रडले असते!" मी सगळ्या कामगारांसमोर ओरडले. "कारखाना मोडला असता तर जमीन कुठून परत आणणार होतास?"

माया करत करतच दादानं आम्हा दोघांना बुडायला आणलं होतं. मला त्याची दया आली, रडूही आलं, पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही.