दगडफुलाच्या वाटेवर दोन चष्मे

मुलीच्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी तिचा चष्मा खिशात घालून मी रानात फिरायला गेलो.

रान म्हणजे तसं रान नव्हे. कॉलेजच्या आवारातच मागच्या अंगाला झाडी राखली आहे आणि तिच्यातून एक पायवाट गोल फिरवून आणली आहे. तोंडाशी पाटी आहे, ‘सोपी निसर्गवाट, सर्व वयोगटांसाठी’. वळणावळणाला दगडांवर बाण रंगवलेत. शाळेची पोरं रांगेनं आत जातात आणि रांगेनं बाहेर येतात. तिथं कुणी चुकल्याचं तोवर ऐकिवात नव्हतं.

चष्मा माझ्याकडं आला तो फोटोपायी. फोटो काढायचा तर चष्मा उतरवायचा, हा आमच्या घरात बायकोचा दंडक. स्थळांना फोटो पाठवायच्या दिवसांत तो सुरू झाला. स्थळं थांबली, दंडक राहिला. त्या सकाळी पोरगी काठपदराची साडी नेसून विभागाच्या पायरीवर उभी राहिली, बायको म्हणाली, “चष्मा काढ गं,” पोरीनं तो माझ्या हातात दिला आणि मी तो सवयीनं पँटच्या खिशात सरकवला. फोटो झाल्यावर पोरगी डोळे मिटून भाषणाचं पहिलं वाक्य घोकायला लागली आणि मी तिच्यासमोर येरझाऱ्या घालायला लागलो.

“पप्पा, मला गरगरतंय,” ती डोळे न उघडता म्हणाली. “जा, त्या वाटेवर एक फेरी मारून या. आणि फोन सायलेंट करा. तुमचं काही सांगता येत नाही.”

तिचं बरोबर होतं. ही परीक्षा आधी एकदा पुढं गेली होती, आणि एका चांगल्या नोकरीची मुलाखत ह्याच पदवीवर अडली होती. आज हुकलं तर ती जागा दुसऱ्याची. घरात कुणीच धड झोपलं नव्हतं, पण बोलून दाखवायचं काम एकट्या माझंच चाललं होतं.

तिचा विषय दगडफूल. कांदा-लसूण मसाल्यात घालतो ते, किंवा त्याचं भाऊबंद. झाडाच्या सालीवर करड्या-हिरव्या चकत्या धरतात, हवेवर जगतात आणि हवा बिघडली की पहिल्यांदा तेच जातात, इतकं मला समजलं होतं. नेसरीला सासरवाडीत मात्र मी ‘पोरगी मसाल्यात पीएचडी करतेय’ असं सांगून ठेवलं होतं, आणि तिथल्या एका मावशींनी तिला मसाल्याला जाळी का धरते ते फोनवर विचारलं होतं.

तर मी फेरीला निघालो. मन शांत व्हावं म्हणून पाठवलेला माणूस, पण चाल एसटी चुकल्यासारखी. करंज गेला, शिवण गेली, पाट्या वाचायला मी थांबलोच नाही. सातभाईंचा थवा पाचोळ्यात कचकच करत होता, त्यांचाही राग आला. वाटेतल्या बाकड्यापाशी एका ऐनाच्या बुंध्यावर करड्या चकत्या दिसल्या. म्हटलं, पोरीनं ज्याच्यापायी वर्षं घातली ते निदान नीट बघावं. खिशात हात घातला, चष्मा लावला, आणि ऐन दोन झाले.

मी बाकडं चाचपत बसलो. बाकड्यावर पांढऱ्या टोपीतले एक म्हातारे शेंगा फोडत होते. कागलहून आलेले, नातीचा पेपर सुटायची वाट बघत. मला धड काही दिसत नव्हतं, नुसता शेंगा फुटल्याचा आवाज येत होता.

“काय होतंय पावणं?”

“डोळ्यांपुढं धुकं आलंय. बीपी असणार.”

त्यांनी दाणे तोंडात टाकले, माझ्याकडं नीट बघितलं. “बीपी न्हाय. बायकांचा चष्मा घातलाय की तुम्ही.”

मी तो उतरवला. शर्टाच्या खिशातून माझा काढला. दोन्ही हातांत दोन चष्मे. मग माझा डोळ्यांपुढं धरून फोन बघितला, तर बायकोचे न घेतलेले कॉल एकाखाली एक. “लेकीचा चष्मा! तिची परीक्षा!” म्हणत मी उठलो आणि पळालो.

बाण गोल फिरवत होते आणि इमारत झाडांतून समोर दिसत होती. मग सरळच का जाऊ नये, असा विचार मी केला. घाणेरीत शिरलो, तिच्या काट्यांना बाहीचं बटण दिलं, एका ओहोळात उतरलो, चढलो, आणि झुडपं बाजूला सारून बाहेर आलो तो त्याच बाकड्यापाशी.

“लवकर आलासा,” म्हातारे म्हणाले. “आता बाणानं जावा की. त्यापायीच काढल्यात.”

मी बाणानं पळालो. मागून त्यांनी “अवो, ऐका की,” अशी हाक मारली, पण मला वेळ नव्हता.

परीक्षा सुरू झालेली होती. पोरगी पडद्याला जवळजवळ नाक लावून आपलाच आलेख बघत होती.

“हा उंच स्तंभ कुठल्या झाडांचा?” बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं.

“उचगावच्या हायवेलगतच्या,” ती म्हणाली.

“हायवेला एवढं दगडफूल?” त्यांनी पेन खाली ठेवलं. मार्गदर्शक बाईंनी मान खाली घातली.

मी सरळ मधून चालत गेलो. अंगावर घाणेरीचा पाला.

“आपण कोण?”

“चष्मा,” मी म्हणालो.

कुणीतरी हसलं. पोरगी हसली नाही. तिनं काचा पदरानं पुसल्या, चष्मा लावला आणि माझ्याकडं न बघता पडद्याकडं बघितलं. “सर, मी चुकले. हा कॉलेजच्या आवारातला. उचगावचा त्याच्या शेजारी आहे. तिथं काही उरलंच नाही, म्हणून स्तंभ दिसत नाही.”

परीक्षकांनी पेन परत उचललं. त्यानंतर त्यांनी तिला बराच वेळ खोदून विचारलं आणि ती उत्तरं देत राहिली. निकालासाठी आम्हाला बाहेर काढलं तेव्हा बायको मला “बसा,” म्हणाली. मी बसलो, उठलो, परत बसलो. शेवटी बाई बाहेर आल्या आणि त्यांनी पोरीला मिठी मारली.

पेढे वाटले गेले. बायको म्हणाली, “फोटो. चष्मा काढ गं.”

“नाही काढणार,” पोरगी म्हणाली.

फोटो काढायचा मान मला मिळाला. फोनमध्ये काही दिसेना, म्हणून शर्टाचा खिसा चाचपला. रिकामा. तेवढ्यात नातीबरोबर पांढरी टोपी पायऱ्या चढून आली. हातात माझा चष्मा.

“लेकीचा पोचीवला आणि सवताचा बाकड्यावर,” म्हातारे बायकोला म्हणाले. “दोरी बांधा, वैनी.”

“चष्म्याला दोरी बांधा म्हणून सांगून दमले मी.”

“चष्म्याला न्हवं,” ते पेढा घेत म्हणाले. “ह्यास्नीच बांधा.”