न खणलेले ग्रह

लालबागमध्ये आमचा मसाला कांडून देणारा माणूस दुपारी गिऱ्हाईक नसलं की लॅपटॉपवर अंतराळातला गेम खेळतो. त्याच्या यानाला एक सूर्यमाला सापडली आहे. तिथल्या ग्रहांवर लोखंड, तांबं, निळसर बर्फ नुसतं पडून आहे. तिखटाची लाल धूळ पडद्यावर बसते. ती बोटाने पुसून तो पुढच्या ग्रहावर उतरतो, रमतगमत फिरतो आणि कुठे काय आहे ते हळदीने पिवळ्या झालेल्या वहीत लिहितो. खणत मात्र नाही.

"सगळं काढून घेतलं तर परत कशाला जायचं, सर?"

यंदा मिरच्या घेऊन मी एकटाच गेलो. मसाल्याचं प्रमाण बायकोलाच ठाऊक होतं आणि ती माघात गेली. मला धण्यांपुढे काही आठवेना. त्याने यंत्र थांबवलं, वही मागच्या बाजूने उघडली. तिथे गिऱ्हाइकांची घरं होती, एकेका घराच्या मसाल्याला एक पान. आमचं पान त्याने सावकाश वाचलं: धणे, तीळ, दगडफूल, नागकेशर.

"वहिनी दरवर्षी थोडं बदलायच्या. तेपण लिहिलंय."

"ते पान मला द्याल?" मी विचारलं.

त्याने वही मिटली.

"इथेच राहू दे, सर. पुढच्या वर्षी या."